चार वाजता फिरणारी तारीख

मी एक जुना तारखेचा शिक्का आहे. जुना म्हटल्यावर, मित्रांनो, तुम्हांला वाटेल की याने लढाया पाहिल्या असतील, फर्मानं उमटवली असतील. तसं काही नाही. मी कोर्टाच्या कारकुनाच्या टेबलावर बारा वर्षं नोकरी केली आणि आता त्याच टेबलाच्या सगळ्यांत खालच्या खणात पडून आहे. शेजारी एक गंजलेलं पंचिंग मशीन, दोन निकामी पेनं आणि कुणाचं तरी विसरलेलं चष्म्याचं घर आहे. हा खण उघडायचा तर आधी वरचा खण बंद करावा लागतो, आणि वरचा खण बंद होत नाही. त्यामुळे मी अगदी सुरक्षित आहे.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या शिक्केवाल्याच्या दुकानात झाला. जन्मभर उलटी अक्षरं कोरून तो इतका सरावला होता की रस्त्यावरची सुलटी पाटी वाचायला त्याला अंमळ वेळ लागे. त्याने माझ्या माथ्यावर ‘आवक’ कोरलं, तळाला ‘न्यायालय कार्यालय’ कोरलं आणि मधोमध दिवस, महिना आणि वर्ष असे तीन फिरते पट्टे बसवले. वर्षाच्या पट्ट्यावर बारा वर्षं होती. म्हणजे मी कधी संपणार हे माझ्या पोटात छापूनच आलं होतं. माणसांना ही सोय नाही, म्हणून ती तारखा मागत फिरतात.

मला न्यायला कोर्टाचा शिपाई आला होता. शिक्केवाला त्याला म्हणाला, “हे बघा, तारीख रोज सकाळी फिरवायची. कचेरी उघडली की पहिलं काम ते. साहेबांना आठवणीने सांगा.”

“सांगतो की,” शिपाई म्हणाला, आणि कोर्टाचा जिना चढता चढता विसरून गेला. त्याचा दोष नाही. जिन्याला बेचाळीस पायऱ्या होत्या, आणि तिसाव्या पायरीनंतर माणसाला आपण का आलो हेसुद्धा आठवत नसे.

आमची खोली दुसऱ्या मजल्यावर. भिंतीला कपाटं, कपाटांत गठ्ठे, कपाटांवर गठ्ठे आणि जिथे कपाट नव्हतं तिथे नुसते गठ्ठे. लोकांसाठी एक जाळीची खिडकी होती आणि तिच्या तळाशी कागद सरकवायला अर्धगोल भोक. ते सुताराने चुकून फार खाली पाडलं होतं. कितीही ताठ मानेचा माणूस असो, वाकल्याशिवाय त्याला बोलता येत नसे. चूक लक्षात आली तेव्हा ती दुरुस्त करायचं ठरलं होतं. पण तोवर कचेरीला ती आवडली होती.

माझ्या मालकांना सगळे ‘टाचणीसाहेब’ म्हणत, अर्थात पाठीमागे. टाचणी डाव्या कोपऱ्यात हवी. उजवीकडे लावलेली असली की कागद परत. तिरपी असली तरी परत. पण माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. कुणाच्या हाताकडे कधी आशेने बघितलं नाही. चहासुद्धा घरून थर्मासमध्ये आणत. मला दुपारी फडक्याने पुसत, माझ्या आकड्यांच्या खाचांतली शाई सुईच्या टोकाने काढत. अधीक्षक साहेब पाहुण्यांना आमचं टेबल दाखवून म्हणत, “हा शिक्का बघा. असा स्वच्छ ठसा जिल्ह्यात दुसरीकडे मिळायचा नाही.” मला फार बरं वाटे. आपण स्वच्छ आहोत एवढं पुरेसं आहे, असं मी त्या काळात समजत होतो.

टाचणीसाहेबांना एकाच गोष्टीची धास्ती होती, ती म्हणजे सकाळची गडबड. म्हणून त्यांनी एक पद्धत पाडली. पाटीवर लिहिलेलं होतं, ‘वेळ पाचपर्यंत’. पण चार वाजले की ते आवक नोंदवहीत लाल रेघ ओढत, मला पुसत आणि माझा पट्टा टिक् करून उद्याच्या तारखेवर नेऊन ठेवत. मग थर्मास उघडत. चारनंतर कुणी आलंच तर “उद्या या” म्हणत, आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी आला की त्याची तारीख आधीच तयार असे. कुणाचं काही बिघडत नव्हतं. रोज चार ते पाच हा एक तास मी उद्यात राहत होतो, एवढंच.

अशी आठ वर्षं गेली. नवव्या वर्षी शिलाईवाल्या मावशी आल्या.

त्या पन्नाशीच्या होत्या. कानामागे खडू, ब्लाउजला टोचलेल्या तीन सुया आणि गळ्यात मापाची फीत. ती काढून यायचं त्यांना भान राहिलं नसावं. तळमजल्यावरच्या एका खोलीत त्यांचं शिलाई मशीन होतं. मशीनसमोर खिडकी होती, खिडकीतून दिवसभर उजेड येई. त्या उजेडावर त्यांनी सव्वीस वर्षं शिवण केली होती. आता घरमालकाच्या पुतण्याला ती खोली हवी होती. खालच्या कोर्टाने निकाल दिला की खोली सोडा. या निकालावर तीस दिवसांच्या आत अपील करता येत होतं. तीसच्या आत आलात तर तुमचं ऐकतात. एकतिसाव्या दिवशी आलात तर उशीर का झाला एवढंच ऐकतात.

मावशी तिसाव्या दिवशी सकाळी अकराला आल्या. अपील जिन्याखालच्या टायपिस्टाने टाइप करून दिलं होतं.

टाचणीसाहेबांनी पानं चाळली. “पानांना नंबर नाहीत.”

मावशी खाली गेल्या, नंबर घालून आल्या.

“समास कमी आहे. पहिलं पान पुन्हा टाइप करून आणा.”

पुन्हा बेचाळीस खाली, बेचाळीस वर.

“निकालाची नक्कल मागे लावलीय. ती पुढे पाहिजे.”

“साहेब, मी कापड कापते तेव्हा एकदाच सगळी मापं घेते हो,” मावशी भोकातून वाकून म्हणाल्या. “गिऱ्हाइकाला आज हात, उद्या खांदा असं बोलवत नाही. काय काय पाहिजे ते एकदम सांगून टाका ना.”

“एकदम सांगितलं तर लोक गोंधळतात,” टाचणीसाहेब मनापासून म्हणाले.

चौथ्यांदा मावशी वर आल्या तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. लाल रेघ ओढून झाली होती. मी पुसून, पट्टा फिरवून, उद्यात जाऊन बसलो होतो. टाचणीसाहेब चहाचा पहिला घोट घेत होते. सवयीप्रमाणे त्यांनी “उद्या...” एवढं म्हटलं आणि वर बघितलं. मावशी जाळीला धरून उभ्या होत्या. दम लागल्याने त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी नुसता कागद पुढे केला. टाचणी डाव्या कोपऱ्यात होती, आणि अगदी सरळ.

आता जे झालं ते नीट ऐका, मित्रांनो, कारण साऱ्या नोकरीत ते एकदाच झालं. टाचणीसाहेबांना दया आली.

“आणा इकडे,” ते म्हणाले. “शेवटचा दिवस आहे ना? चार वेळा जिना चढलात. आता पाचव्यांदा नको.”

त्यांनी मला उचललं, पॅडवर दाबलं आणि मारलं. ठप्. मावशींना परत द्यायच्या प्रतीवरही ठप्.

मला ठाऊक होतं. माझ्या तोंडावर कुठली तारीख आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण शिक्क्याला तोंड असतं ते फक्त मारण्यापुरतं. मी काही खोटं बोललो नाही, मित्रांनो. मी उद्याचं खरं आज बोललो. कोर्टात त्याला काय म्हणतात ते मला पुढे कळलं.

“तुमचं भलं होवो,” मावशी म्हणाल्या, आणि ओल्या शाईवर घडी घालून कागद पिशवीत टाकला. त्यांनी वाचला नाही. टाचणीसाहेबांनीही वाचला नाही. चहा निवत होता. अपील नोंदवहीत चढलं दुसऱ्या दिवशी सकाळी, लाल रेघेखाली, पहिल्या नंबरावर.

दहा दिवसांनी मावशी पुन्हा खिडकीशी आल्या. हातात एक सूचना होती. अपील मुदतीबाहेर, विलंब एक दिवस.

“साहेब, हे काय आलंय? मी तिसाव्या दिवशीच दिलं होतं. तुमच्याच हातात.”

“कागद बघू.” टाचणीसाहेबांनी ठसा बघितला. मग घड्याळाकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी मला हातात घेतलं, पट्टा एक घर मागे नेला, एक घर पुढे आणला आणि परत ठेवून दिलं. मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी अस्ताव्यस्त ठेवताना पाहिलं.

“मावशी,” त्यांनी आवाज खाली आणला, “एका दिवसाचं काही एवढं नसतं. विलंब माफीचा अर्ज द्या. जजसाहेब माफ करतात.”

“माफी? मी उशीर केलाय का?”

“केला नाहीत. पण झालाय.”

मावशी जिन्याखाली गेल्या. टायपिस्ट मोठा अनुभवी माणूस होता. त्याने मशीनवर कागद चढवला आणि न विचारता ‘अर्जदारास त्या दिवशी तीव्र ताप’ इथपर्यंत टाइपही केलं. हे मला शिपायाने टेबलाशी येऊन सांगितलेलं आहे. तो सगळ्या बातम्या आमच्याकडे आणत असे.

“मला ताप नव्हता,” मावशी म्हणाल्या.

“अहो, कुणालाच नसतो. सगळे तापच लिहितात. या इमारतीत वर्षाला जेवढे ताप येतात तेवढे दवाखान्यात येत नाहीत.”

“ताप असता तर तुमचे जिने चार वेळा चढले असते का मी?”

“मग पाय मुरगळला लिहू?”

“खरं लिहा. मी तिसाव्या दिवशी चार वाजून वीस मिनिटांनी आले. शिक्का दुसऱ्या दिवसाचा पडला.”

टायपिस्टाने मशीनवरचे हात खाली घेतले. “ताई, ताप लिहिलात तर तुमची चूक होते. ती माफ करतात. हे लिहिलंत तर त्यांची चूक होते. ती कोण माफ करणार?”

“लिहा हो तुम्ही.”

त्याने लिहिलं. अर्ज वर गेला आणि त्यावर शेरा पडला, ‘कार्यालयाने अहवाल द्यावा’. कार्यालय म्हणजे आमचं टेबल. टाचणीसाहेबांविरुद्धची तक्रार टाचणीसाहेबांकडेच चौकशीला आली, आणि तिच्यावर आवकचा ठसा मीच मारला. त्या दिवशी माझी तारीख बरोबर होती.

टाचणीसाहेब तो कागद तीन दिवस खणात ठेवून होते. एवढे दिवस त्यांनी कधीच काही ठेवलं नव्हतं. चौथ्या दिवशी ते उठले आणि आमच्या खोलीच्या कोपऱ्यातल्या लाकडी पडद्यामागे, अधीक्षक साहेबांकडे गेले. मला सगळं ऐकू येत होतं.

“साहेब, त्या बाई खरं सांगतायत. मी चार वाजता तारीख फिरवून ठेवतो. रोज.”

पडद्यामागे पेनाला टोपण लावल्याचा आवाज आला.

“रोज म्हणजे किती वर्षं?”

“या शिक्क्याची नऊ. आधीच्या शिक्क्याची धरली तर...”

“धरू नका,” अधीक्षक साहेब म्हणाले. “असं बघा. हे तुम्ही लिहून दिलंत तर या नऊ वर्षांतला प्रत्येक कागद चारच्या आधीचा की नंतरचा, हे विचारायला उद्या माणसं रांग लावतील. किती निकाल उघडावे लागतील, विचार केलाय? तुमचं पेन्शन कुठे जाईल, केलाय विचार? तेव्हा तुम्ही मला काही सांगितलं नाहीत आणि मी काही ऐकलं नाही. नोंदवहीत काय तारीख आहे?”

“शिक्क्याचीच आहे.”

“मग झालं तर. दोन-दोन पुरावे एकच सांगतायत.”

नोंदवही माझ्याकडे बघूनच लिहिली होती, मित्रांनो. पण पुरावे मोजताना आम्हांला दोन धरलं.

टाचणीसाहेबांनी अहवाल लिहिला. ‘अभिलेखानुसार शिक्क्याची तारीख व नोंद जुळते.’ सुरेख अक्षरात, समास सोडून, टाचणी डावीकडे.

त्यानंतर सुनावणीच्या तारखा पडत राहिल्या. कधी दुसऱ्या बाजूचे वकील नसत, कधी फाइल सापडत नसे, कधी सगळे असत आणि वेळ नसे. मावशी दर तारखेला आमच्या खिडकीशी येऊन “आज आहे का?” विचारत आणि बाकावर बसून राहत. हात रिकामे ठेवणं त्यांना जमत नसे. एकदा त्यांनी शिपायाच्या शर्टाचं बटण लावून दिलं. एकदा त्यांचं लक्ष माझ्या शाईच्या पॅडकडे गेलं. वरचं कापड फाटून आतला स्पंज दिसत होता.

“अशाने ठसा पसरेल तुमचा,” त्या म्हणाल्या. “द्या इकडे.”

पिशवीतून जाड सुती तुकडा काढून त्यांनी पॅडला नवं कापड शिवून दिलं. बारीक टाके, एकसारखे. टाचणीसाहेब खाली मान घालून बसले होते.

“मावशी,” ते शेवटी म्हणाले, “अजूनही वेळ आहे. नवा अर्ज द्या. ताप लिहा. मी स्वतः हातात घेऊन साहेबांपर्यंत पोचवतो.”

“तुम्हांला ठाऊक आहे ना मी कधी आले होते?”

टाचणीसाहेबांनी पॅड घेतलं, कडा तपासल्या आणि म्हणाले, “शिवण छान झालीय.”

दीड वर्षाने सुनावणी झाली. न्यायाधीश भले होते. शिपाई सांगत होता, त्यांनी दोनदा संधी दिली. विचारलं, “बाई, त्या दिवशी तब्येत वगैरे बरी नव्हती का तुमची?”

“नाही साहेब. तब्येत ठणठणीत होती.”

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं, “आठवून सांगा. घरात कुणी आजारी?”

“घरात मी एकटीच, साहेब. आणि मी इथेच होते, जिन्यात.”

न्यायाधीशांनी अहवाल वाचला, नोंदवही वाचली, ठसा भिंगातून पाहिला. ठसा फार स्वच्छ होता. ‘विलंबाचे कारण समाधानकारक नाही. अर्ज नामंजूर.’ अर्ज गेला, त्याबरोबर अपील गेलं. खोली कुणाची, उजेड कुणाचा, यातलं काहीही कुणी वाचलं नाही. ती पानं होती, नंबर घातलेली होती, समासही नीट होता.

महिन्याभराने मावशी शेवटच्या आल्या. खोली सोडल्याचं लिहून द्यायचं होतं. अशा लिहून दिलेल्या कागदाला कोर्टात पुरसीस म्हणतात. सोबत मशीन नव्हतं, पण मापाची फीत गळ्यात होती. घड्याळात सव्वाचार झाले होते.

“या, मावशी,” टाचणीसाहेब गडबडीने म्हणाले आणि मला उचललं.

“थांबा. तो जरा मला दाखवता?”

शिक्का बाहेरच्या माणसाच्या हातात द्यायचा नसतो. टाचणीसाहेबांनी मला त्या अर्धगोल भोकातून सरकवलं. मावशींनी मला उलटं धरून माझ्या तोंडाकडे बघितलं. माझे आकडे उलटे असतात, पटकन कुणाला वाचता येत नाहीत. पण सव्वीस वर्षं कापडाची मागची बाजू बघून शिवणाऱ्या बाईला ते काय अवघड?

“अजून उद्याच आहे,” मावशी म्हणाल्या.

“हात जातो हो आपोआप,” टाचणीसाहेब म्हणाले. “सवय.”

मावशी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला परत सरकवलं. “माझ्या कागदावर आजची तारीख टाका. खोली मी आज सोडलीय. उद्या नाही.”

टाचणीसाहेबांनी पट्टा मागे फिरवला. तो बोटाखालून दोनदा निसटला. मग त्यांनी मला मावशींच्या टाक्यांवर टेकवलं आणि कागदावर मारलं. ठप्. मावशींनी या वेळी घडी घालण्याआधी ठसा वाचला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि गेल्या. पायऱ्या उतरल्याचा आवाज मी बेचाळीसपर्यंत मोजला.

तुम्हांला वाटेल, टाचणीसाहेबांनी त्या दिवसापासून पद्धत सोडली. सोडली, मित्रांनो. अकरा दिवस. पाच वाजेपर्यंत ते माझ्याकडे बघत बसत. बाराव्या दिवशी चार वाजता थर्मास उघडला, आणि टिक्.

पुढे ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात अधीक्षक साहेब म्हणाले, “यांनी आजचं काम कधी उद्यावर टाकलं नाही.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, टाचणीसाहेब चष्मा पुसत राहिले. जाताना त्यांनी टेबल नव्या बाईंच्या ताब्यात दिलं. खण, किल्ल्या, टाचण्यांचा डबा सगळं समजावलं. शेवटी जरा घुटमळले. मला वाटलं, आता सांगतील. ते म्हणाले, “चार वाजता तारीख फिरवून ठेवत जा. सकाळी गडबड होत नाही.”

वर्षभराने माझा वर्षाचा पट्टा संपला. नवा शिक्का आला, मी या खणात आलो. पॅडही सोबत आलं, मी त्याच्यावरच पडून असतो. शाई केव्हाच वाळून गेली. टाका मात्र अजून एकही उसवलेला नाही.

जुन्या वस्तूंनी शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागायचं असतं. कुणी म्हणतं मला पुसा, कुणी म्हणतं मला रंग द्या. मला नका पुसू. मला पुरेसं पुसलेलं आहे. मी मागणार ते निराळंच आहे, आणि घाईचं आहे, कारण आत्ताच डोक्यावर टिक् असा आवाज झाला. लाल रेघ ओढली गेली. आणि आता खिडकीशी कुणीतरी धापा टाकत आलंय. म्हणतंय, “बाई, आज शेवटचा दिवस आहे हो.”

“द्या,” नव्या बाई म्हणतायत. त्याही वाईट नाहीत. “एवढे जिने चढून आलायत तर द्या.”

ठप्.

मित्रांनो, तो माणूस आता कागदाची घडी घालत जिन्याकडे निघालाय. मला खणातून ओरडता येत नाही. तुम्ही पळा, त्याला पायऱ्यांवर गाठा, घडी उलगडायला लावा, तारीख वाचायला लावा. लवकर करा. अजून पाच वाजले नाहीत.